ढेकळालाही कान असतात

—अहो गल्ल्यावर नको, गल्ल्यावर नको! खाली ठेवा त्याला, त्या मक्याच्या पोत्यावर. रक्त गळत नाही? नसू दे, ह्याच गल्ल्यावर बायका पाव ठेवून पैसे काढतात. हां, असा. आता बसा. ते गळाचे डबे सरकवा आणि बसा हो. आज दुकान बंदच आहे, पण मागच्या दारानं आलात म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, पाहुणे झालात. तुम्ही ओदोन ना? तिसा नदीपलीकडून आलेले, सोसायटीचे नवे ट्रॅक्टरवाले? ओळखलं मी. ह्या गावात नवा माणूस आला की त्याच्या बुटाचं माप मला आधी कळतं, नाव मागनं कळतं. थांबा, बोलू नका, आधी बघू द्या मला. ससा. नर. चांगला थोराड, गव्हाच्या कोंबांवर पोसलेला. आणि त्याच्या बरगडीत बाण. बरं. तर आधीच सांगतो ओदोनभाऊ, हा बाण माझा नाही.

काय? काडीवर नाव आहे? बघू. वें-डे-ल. असेल. वेंडेल नावाची माणसं ह्या मैदानात थोडी आहेत का? संत वेंडेल गुराख्यांचा देव, आणि इथं माणसांपेक्षा गुरं जास्त, तेव्हा दर घरात एक वेंडेल निघायचा— निघायचा म्हणजे पूर्वी. आता मी एकटाच. दुसरा होता तो गेल्या उन्हाळ्यात गेला, आणि जायच्या आधी त्याच्या हातानं धनुष्य काय, सुपाचा चमचा उचलत नव्हता. ठीक आहे. बाण माझा. पण बाण मी विकतो ना! फार्मसीवाला माझेच बाण नेतो. नेतो आणि मोडतो. त्याच्यावर त्यानं स्वतःचं नाव घालायला पाहिजे, शिकार मंडळाचा तसा नियमच आहे— हो, तुम्ही म्हणाल मग हे तुमचं नाव कसं. म्हणू नका. आधी ही घ्या. जर्दाळूची दारू आहे, माझ्याच झाडाची, पोटात गेली की खालून वर दिवा लावते. घ्या हो, सकाळ आहे म्हणून काय झालं, सकाळी काय पोटाला कुलूप असतं?

माझं ऐका. हा ससा घरी न्या. बायको आहे? आहे ना. मग तिला सांगा, रात्रभर व्हिनेगरच्या पाण्यात ठेव, तमालपत्र घाल, गाजर घाल, उद्या साय आणि मोहरी घालून रटरट शिजव. असला ससा तुमच्या नदीपलीकडं डोळ्यांना दिसत नाही. बाण तेवढा मी काढून घेतो, आणि तुम्ही मला भेटलाच नाहीत. हे लोकरीचे हातमोजे बघा, ट्रॅक्टरचं चाक थंडीत हाताला चिकटतं, मला ठाऊक आहे— घ्या, माझ्याकडून. पैसे? पैशाचं नावच काढू नका. काय म्हणता? कुणीतरी काय सांगितलंय? नंतर सांगा, नंतर. आधी माझं होऊ द्या, मधे तुटलं की मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं, माझी सवयच तशी आहे.

हसताय तुम्ही. तुम्हाला वाटतंय, चमत्कारिक म्हातारा आहे, शिकार घरपोच आली तर लोक नाचतील आणि हा हातमोजे देऊन पिटाळतोय. अहो, तुम्ही शिकारी नाही म्हणून तुम्हाला कळत नाही. धनुष्यानं ससा मारणं म्हणजे काय आहे ठाऊक आहे? हरीण सोपं. रानडुक्कर सोपं— मोठं असतं, लोभी असतं, मक्याला येतं. पण ससा! त्याचे डोळे कानशिलावर, स्वतःच्या मागचं झाडसुद्धा त्याला दिसतं. बाण निघायच्या आधी दोरीचा आवाज निघतो, आणि तो आवाज बाणाच्या आधी पोचतो, की ससा गेला आणि तुमचा बाण चिखलात उभा. शिवाय सरळ चालत गेलात तर उठतो. तिरकं जायचं. आपल्याला भलतीकडंच जायचंय, जाता जाता वाटेत तो आहे एवढंच, असं जायचं. आणि डोळ्यात बघायचं नाही हो— डोळ्याला डोळा भिडला की संपलं! मी म्हणतो, जगात दोनच प्राणी असे आहेत, एक ससा आणि— जाऊ द्या. हे मी कुठं शिकलो? कुठं नाही. शाळेत मी आठवीपर्यंत, तेही मास्तरांच्या दयेनं. धनुष्य बांधायला शिकलो पाच-पंचवीस धनुष्यं मोडून. आणि विकायला शिकलो ती मोडलेली विकून.

आणि ढेकळं! ढेकळांचं तर मी सांगितलंच नाही. तुम्ही ट्रॅक्टरवाले, नांगरटीनंतर ढेकळं कशी पडतात मला काय सांगणार. काळं रान, वर दंव, आणि ससा आपल्या खळग्यात कान पाठीवर पाडून बसला की ढेकूळ कुठलं आणि ससा कुठला, त्याच्या आईला ओळखू यायचा नाही. आमचा फार्मसीवाला गेल्या साली ढेकळापाशी रांगत गेला, गुडघे फोडून घेतले, दम धरला, बाण सोडला, आणि ओरडला— पडला! पडला! होय, पडलं. फुटून चार तुकडे झाले. त्याचे त्यानं फोटोसुद्धा काढले होते. माझं दुकान, खरं सांगू का, सशांवर नाही चालत, ढेकळांवर चालतं. एक ढेकूळ, एक बाण. देवानं ह्या मैदानात डोंगर दिला नाही, दगड दिला नाही, पण ढेकळं दिली; व्यापाऱ्याचीही त्याला काळजी आहे.

पुन्हा तुम्ही काहीतरी बोलणार. एक मिनिट हो. का नको मला ससा, हेच ना? सांगतो. तुम्ही नवे आहात, कुणाला सांगणार नाही. आमच्या शिकार मंडळात रीत आहे. ज्याची पहिली शिकार, त्यानं त्या जनावरावर पालथं पडायचं, सगळ्या मंडळासमोर, टोपी काढून. हरणावर पडलात तर बरं दिसतं, माणूस लांबरुंद दिसतो. सशावर पडलेला माणूस कसा दिसतो ते तुम्ही कधी बघितलंय का? वरती आमचा नोटरी, एकशे दहा किलोचा, आणि खाली कुठंतरी दोन कान. मग शिकारप्रमुख येतो, हातात छडी, आणि पार्श्वभागावर तीन फटके. एक जनावराचा मान राखावा म्हणून, एक शिकाऱ्यांच्या देवाच्या, संत ह्युबर्टच्या नावानं, एक माणसानं फुगू नये म्हणून. मग उठायचं, आणि जनावरावर हात ठेवून मारलं कसं ते सांगायचं. खरं सांगायचं असं म्हणतात. शिकारी आणि खरं! संत ह्युबर्टच्या कानात बोळे असणार, नाहीतर एवढ्या वर्षांत त्यानं एकदा तरी वीज पाडली असती.

आता मी दुकानदार. माझ्या वरच्या फळीवर, ती बघा, निळ्या कागदात, कापूस भरलेल्या आतल्या चड्ड्या आहेत. थंडीसाठी म्हणून विकतो. पण ह्या फटक्यांच्या दीक्षेच्या आदल्या दिवशी गुपचूप कोण कोण येऊन घेऊन जातं, ते फक्त मला आणि परमेश्वराला ठाऊक. पाद्रीबाबांनी दोन नेल्या होत्या, एकावर एक घालायला, आणि फटका बसला तेव्हा आवाज असा आला जसं कुणी गादी झटकतंय. सगळे आकाशाकडं बघायला लागले. बघायलाच पाहिजे, पाद्रीबाबा होते ना.

माझी बंदुकीची दीक्षा कधीच झाली, जुन्या प्रमुखांच्या हातानं, त्यांनी असा दणका दिला होता की मी आठवडाभर मांसाचं गुलाश उभ्यानं खाल्लं. मजा होती. पण आताच्या प्रमुखानं नवा नियम काढलाय— धनुष्याची पहिली शिकार म्हणजे पुन्हा पहिलीच शिकार. पुन्हा पालथं. पुन्हा छडी. आणि आताचा प्रमुख कोण? अम्ब्रुश. अम्ब्रुश कोण? तुमच्या सोसायटीच्या गोदामासमोर राहतो तो, उंच, मिशीवाला, दिवसाला सिगारेटच्या पाकिटावर असतात तितकेच शब्द बोलणारा. त्याची बायको पिरोश्का. आणि पिरोश्का आधी कुणाची बायको?

माझी हो. बावीस वर्षं.

नाही नाही, तसलं तोंड करू नका, भांडण नाही, काही नाही, सगळं सभ्यपणे झालं. एके दिवशी म्हणाली, वेंडेल, बावीस वर्षांत तुझ्यासमोर माझं एक वाक्य पुरं झालेलं नाही. मी म्हटलं, असं कसं, परवाच तू— आणि ती म्हणाली, बघ. आणि गेली. गेली ती त्या मुक्याकडं. आता बोलते म्हणे दिवसभर, आणि तो ऐकतो. ऐकतो! त्याला दुसरं येतं काय! मी गाव गोळा करून हसवू शकतो, बैल विकत घ्यायला आलेल्याला गळ विकू शकतो, आणि बायको घेऊन गेला कोण, तर खांब.

त्यानंतर मी बंदूक टांगली. बंदुकीच्या रांगेत कोण कुठं उभं राहायचं ते प्रमुख ठरवतो ना— आणि अम्ब्रुश मला दरवेळी चांगली जागा द्यायचा! सगळ्यात चांगली! वारा तोंडावर, ससे समोरून. कीव करायचा माझी. म्हणून धनुष्य. धनुष्याला रांग लागत नाही, माणूस एकटा जातो, एकटा येतो, आणि हात हलवत आला तरी लोक म्हणतात अवघड आहे बाबा. पिसं? हो, पिसं हंसाचीच आहेत. राखाडी. पिरोश्काचेच हंस. ते आमचे होते तेव्हाचे, म्हणजे त्यांचे आजे-पणजे. दर उन्हाळ्यात ती झडलेल्या पिसांची पिशवी माझ्या कुंपणाला अडकवून जाते, मी तिच्या निळ्या फाटकाशी मक्याचं पोतं ठेवतो. व्यवहार आहे. बोलणं नाही. पिसं मात्र निवडून दिलेली असतात हां, सगळी डाव्या पंखाची, कारण बाणाला एकाच पंखाची लागतात— हे मी तिला एकदाच सांगितलं होतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. लक्षात आहे तिच्या. व्यवहाराला चोख आहे ती.

तर आता समजलं ना? ससा म्हणजे छडी. छडी म्हणजे अम्ब्रुश. आणि मला त्याच्या जोराची भीती नाही, ओदोनभाऊ. जोरात मारला असता तर मी त्याला मिठी मारली असती. पण मला ठाऊक आहे तो काय करणार— तो हळू मारणार. सभ्यपणे. लागू नये म्हणून, असं, पीठ झटकल्यासारखं. तिच्यादेखत! ती गुलाशच्या कढईशी उभी असणार, हातात पळी, आणि मी खाली सशावर पालथा, आणि तो माझ्या ढुंगणाची दया करतोय! नाही. मेलो तरी चालेल. म्हणून दोन हंगाम झाले, मी ससा दिसला की वारा फिरला म्हणतो. दोरी वाजली म्हणतो. बोटं गारठली. लोक म्हणतात, वेंडेल, ससा कुठाय? मी म्हणतो, अवघड आहे बाबा. आणि पाच बाण विकतो.

काल? हो, कालच. शेवटची शिकार हंगामाची. तुमच्याच त्या रानात, बाभळींच्या रांगेपलीकडं. बंदूकवाले बांधावर बसून सॉसेज खात होते, म्हणाले, आधी धनुष्यवाल्यांना जाऊ दे, करमणूक होऊ दे. अम्ब्रुश तिथंच. पिरोश्का चहाची किटली घेऊन फिरत होती, तिचं लक्ष नव्हतं, माझ्याकडं ती कधी बघतच नाही. आणि मी जातोय तिरका, दोन्ही बुटांना चिखल लागून हत्ती झालेला— आणि समोर ससा. बसलेला. मागं वाऱ्याची झुळूक नाही, दोरी कोरडी, बोटं गरम, उजेड पाठीशी. एकसुद्धा सबब शिल्लक नाही! मला घाम फुटला. मागं सगळं मंडळ चघळायचं थांबलेलं. परत फिरलो तर भित्रा, मारला तर पालथा. मग मी काय केलं— डोकं लागतं व्यापाऱ्याचं— धनुष्य ओढलं, दम धरला, आणि सशाच्या उजवीकडं एक ढेकूळ होतं, त्या ढेकळावर—

काही नाही. बाण सोडला. चुकला. ससा पळाला. सगळ्यांनी आरडाओरडा केला, मीही टोपी आपटली, शिव्या दिल्या वाऱ्याला. चिखलात बाण शोधायला कोण जातो, मी म्हटलं सोडा, एक बाण गेला तर गेला, आणि आम्ही सगळे चहाला गेलो. झालं. ढेकूळ? मी ढेकूळ म्हटलं? मी सशावर म्हटलं. तुम्ही नीट ऐकत नाही. ... बरं, म्हटलं मी. ढेकळावर मारला. मुद्दाम मारला. आणि आज सकाळी तुम्ही खत टाकायला जाता, आणि त्या ढेकळाला कान निघतात! दोन! शेजारी शेजारी दोन ससे बसलेले, आणि मी शहाणा, एकाला वाचवायला दुसऱ्याला मारतो! तीस वर्षं मी लोकांना ढेकळं ससे म्हणून विकली, आणि ह्या एका सशानं मला ढेकूळ म्हणून फसवलं!

पण ओदोनभाऊ, एक सांगा. लागलाय कुठं बघितलंत ना? बघा, बघा इथं— खांद्याच्या मागं, फुफ्फुसात, एक बोट इकडं नाही की तिकडं. जागचा हलला नाही म्हणता? तडफडल्याच्या खुणा नाहीत? म्हणजे कळलंसुद्धा नाही त्याला. बिचारा. पण काय बाण आहे! अंतर सांगा ना, बाभळीपासून केवढं— बापरे. एवढं होतं? आणि बुटांना एवढा चिखल असताना. ह्या मैदानात बसलेला ससा एवढ्यावरून धनुष्यानं कुणी मारला असेल तर नाव सांगा. फार्मसीवाला? तो ढेकळं मारतो. मी ढेकूळ मारलं तर ससा पडतो!

आणि हे कुणाला कळणारच नाही. तुम्ही घरी न्याल, साय-मोहरी घालाल, हाडं कुत्र्याला जातील. आणि आज दुपारी मंडळाच्या घरात शेवटचं जेवण, सगळे येतील, विचारतील, वेंडेल, ससा कुठाय, आणि मी म्हणणार— अवघड आहे बाबा. ... न्या. न्या तुम्ही. नाहीतर थांबा, जरा थांबा. त्याला इथंच राहू द्या एक क्षण. आणखी ओतू का? ती निळ्या कागदातली चड्डी जरा काढा हो, तुमचा हात पोचतो. सहज. मोठं माप. दोन काढा. नाही, मी ठरवलेलं नाही काही, नुसतं बघतोय. आता कसं सांगायचं ते— दंव पडलेलं, मी तिरका गेलो, ससा बसलेला, मी नेम धरला आणि... सशावर. नेम सशावरच धरला. ढेकूळ हा शब्द ह्या खोलीबाहेर गेला, तर तुम्हाला ह्या गावात बुटाची नाडीसुद्धा मिळणार नाही, सांगून ठेवतो. ते फक्त तुम्हाला माहीत, मला माहीत, आणि ह्याला माहीत, आणि हा काही बोलायचा नाही.

काय हो सारखं? मघापासून बघतोय, तोंड उघडता आणि मिटता, तलावातल्या माशासारखं. कुणी काय सांगितलंय? कुणाचा निरोप? बोला. नाही, आता बोला, मी गप्प.

निळं फाटक? तिथं कशाला गेलात तुम्ही? ... बरोबर, माझं घर विचारायला. नवा माणूस, तो विचारणारच. हंस होते अंगणात. बाई होती. शाल— राखाडी शाल? तिनं ससा बघितला. हात लावला? पिसाला? पीस असं सरळ केलं बोटानं? ... मग?

तिच्याच शब्दांत सांगा. तुमचं काही घालू नका. मी मधे बोलत नाही, बघा, तोंडावर हात ठेवतो.

...

'त्याला म्हणावं, तू ज्याला वाचवायला गेलास तो डावीकडं पळाला. सुखरूप आहे. मी बघत होते.'

...

आणखी? ...

हसत होती?

...

त्या चड्ड्या वर ठेवा. दोन्ही. ठेवा हो, नको आहेत. माझी टोपी द्या, ती दारामागची. हातमोजे राहू द्या तुमच्याकडं. ससा मी मंडळाच्या घरी नेतो.

नाही. काही नाही म्हणायचं मला. चला.